४३ इंची म्हणून घेतलेला टीव्ही ४० इंची निघाला

एकोणीस हजार चारशे एकोणपन्नास रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी, ऑफिसात आणि सासुरवाडीला मी तो कमी करूनच सांगत आलोय. बायकोलासुद्धा पहिले चार दिवस साडेसोळा हजारच सांगितले होते. आता लिहायलाच बसलोय तर खरा सांगतो. ₹१९,४४९, आणि वर टेक्निशियनच्या फेरीचे ₹५९०.

मी अकाउंट्समधला माणूस. पंचवीस वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासण्यात गेली. व्हाउचरवर तारखेत खाडाखोड दिसली तर परत पाठवणारा. ओटीपी सांगून लुटले गेलेल्यांच्या बातम्या पेपरात वाचल्या की चहाचा घोट घेत म्हणायचो, ‘लोक इतके बावळट कसे असतात?’ त्याचं उत्तर मला १७ ऑक्टोबर २०२५ ला मिळालं.

टीव्ही माझ्यासाठी नव्हता हे मात्र लिहून ठेवतो. जुलैत आई पडवीच्या पायरीवरून घसरली आणि उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. हॉलपर्यंत येणं बंद. दिवसभर आतल्या खोलीत पडून, तेही डाव्या कुशीवरच. ‘एक छोटासा टीव्ही लाव रे इथे,’ म्हणाली. मी छोटासा लावणारा माणूस नव्हे. महिनाभर अभ्यास केला. उशीपासून भिंत सव्वासात फूट. मोतीबिंदू काढलेले डोळे, म्हणजे ३२ इंची एवढ्या अंतरावरून लहानच. ५० इंची बसणार नाही, कारण मेस्ताने, म्हणजे सुताराने, कपाट केलं तेव्हा कपाट आणि खिडकीच्या चौकटीमध्ये मोजून ३९ इंच जागा सोडलेली. ४३ इंची, म्हणजे बिलावर लिहितात तो १०८ सेंटिमीटर. हे माप पडद्याच्या कर्णाचं असतं. पूर्ण टीव्हीची रुंदी माहितीपत्रकात ३८ इंच. अर्धा इंच इकडे, अर्धा तिकडे. आई कुशीवरून तिरकी पाहणार म्हणून पॅनल आयपीएस हवं, कारण तिरकस बसलं तरी त्याचे रंग फारसे उडत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या, व्हीए पॅनलचा काळा रंग अंधारात जास्त चांगला, पण ते समोरून बघणाऱ्यांसाठी. एवढं सगळं मला पाठ होतं. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

भावाचाही हिशेब केला होता. पणजीच्या एका दुकानात मला हवा तसा, नामांकित कंपनीचा ४के टीव्ही ₹२९,९९० ला लावलेला होता. २२ सप्टेंबरपासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. दुकानदाराच्या आधी मीच कॅल्क्युलेटर काढला. मूळ किंमत तेवढीच राहिली तर ₹२७,६४७ व्हायला हवा. रुपयापर्यंत बरोबर. असा मी हुशार.

मग ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने नंबर दिला. ‘मी गेल्या महिन्यात तिथूनच घेतला. सोळा-साडेसोळात. हाच, कंपनीचा, ४३.’ गोष्ट अशी की कांदोळीकडच्या एका रिसॉर्टने नव्या इमारतीसाठी दोनशे टीव्ही मागवले, खोल्या झाल्या कमी, आणि उरलेला माल कंत्राटदार मोकळा करतोय. गोव्यात राहणाऱ्याला ही गोष्ट खोटी वाटतच नाही, हीच तर तिची खुबी. सीझनच्या आधी हॉटेलं खोल्या नव्या करतातच. पलंग, एसी, पडदे, गाद्या असल्या मालाचे टेंपो आपण रस्त्यावर बघतो. माझ्या मेव्हण्याच्या घरातलं सोफासेट हॉटेलचंच आहे आणि चांगलं टिकलंय.

फोन केला तर पलीकडचा अस्सल कोकणीत. ‘पात्रांव, रिसॉर्टाचो माल. सगळो सील पॅक. आतां फकत इकराच उरल्यात.’ म्हणजे साहेब, आता फक्त अकराच उरलेत. हिंदीत कुणी ‘सर जी’ म्हणून सुरुवात केली असती तर मी तिथेच फोन ठेवला असता. आपल्या भाषेतला माणूस आपल्याला कशाला बुडवील, असं मनाने ठरवूनच टाकलं. आता सांगतो, आपल्या माणसाला बुडवायला आपलीच भाषा लागते. ₹२,००० बुकिंगचे पाठवले.

बायको म्हणाली, ‘अहो, अकरा हजारांनी स्वस्त कसा?’ मी तिच्यावर खेकसलो. ‘तुला व्यवहारातलं काय कळतं?’ म्हणालो. हे वाक्य घरात आता महिन्यातून दोनदा परत येतं.

शुक्रवार, धनत्रयोदशीचा आदला दिवस. ऑफिस सुटल्यावर पूल ओलांडला आणि पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामापाशी पाऊण तास धूळ खात उभा राहिलो. हे सांगतोय ते सहानुभूतीसाठी नाही, पण माणूस दमलेला असला की डोळे नीट उघडे नसतात, एवढंच. पुढे बऱ्याच अंतरावर हायवेच्या आत एक पत्र्याची शेड. भिंतीवर एक टीव्ही चालू होता, समुद्रातल्या रंगीत माशांची फिल्म, खवला न् खवला वेगळा दिसणारी. मी बाजूला सरकून तिरकं पाहिलं. रंग जागच्या जागी. आयपीएस! मला वाटलं, समोरच्याला काय कळणार की गिऱ्हाईक किती जाणकार आहे. तो टीव्ही बहुधा खराच होता. मला दिलेली पेटी वेगळी होती, ही गोष्ट माझ्या डोक्यात नंतर पंचवीस दिवसांनी आली.

‘ही पेटी उघडून दाखवा,’ मी म्हणालो होतो. म्हणजे अगदीच काही गप्प बसलो नाही. त्यावर तो म्हणाला, ‘पेटी इन्स्टॉलेशनवालाच फोडणार, तुम्ही फोडली तर पुढे वॉरंटीला अडचण.’ आता हे अर्धं खरं आहे. मोठ्या कंपन्याही सांगतात की पेटी आमच्या माणसासमोर उघडा. खऱ्याच्या आत खोटं गुंडाळून दिलं की गिळायला सोपं जातं.

₹१४,५०० क्यूआरवर. स्कॅन केल्यावर मोबाइलवर नाव आलं ते दुकानाचं नव्हतं, कुठल्याशा बाईचं होतं. मी वाचलं. वाचून पिन टाकला. का? कारण आमच्या कोपऱ्यावरच्या गाडेवाल्याचाही क्यूआर त्याच्या बायकोच्या नावावर आहे. दहा रुपयांच्या वड्याला जे चालतं ते साडेचौदा हजारांना चालतं का, असा प्रश्न अकाउंट्समधल्या माणसाला पडला नाही. तुम्ही तरी स्क्रीनवरचं नाव मोठ्याने वाचा. मोठ्याने वाचलं की आपल्यालाच विचित्र वाटतं.

बिल दिलं, तेही छापील. घडी घालून खिशात टाकलं, कारण मागे चार जण रांगेत होते (ते तरी खरे गिऱ्हाईक होते का, कोण जाणे). घरी येऊन फाइलला लावलं. त्या बिलावर, १७ ऑक्टोबरच्या तारखेला, जीएसटी २८ टक्के लावला होता! जो दर मी स्वतः महिनाभर लोकांना ‘आता अठरा झाला बरं का’ म्हणून सांगत फिरत होतो. आणि जीएसटी क्रमांक सुरू होतो ३० ने, जे गोव्याचं बरोबर आहे, पण एकूण अक्षरं चौदा. पंधरा असतात. मी नंतर पेन्सिलीने एकेका अक्षराखाली टिंब देत तीनदा मोजलं. चौदाच. हा क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता कुणालाही शोधता येतो, पैसे देण्याआधी अर्धं मिनिट लागतं.

पुढची लूट किरकोळ, पण तीही सांगतो. टेंपोचे ₹६००. भिंतीच्या स्टँडचे ₹८५०. ‘रिसॉर्टच्या नावावरची वॉरंटी तुमच्या नावावर करायला’ ₹१,४९९, त्याचं एक चकचकीत कार्ड मिळालं, क्रेडिट कार्डासारखं. लिहून जोडा, १९,४४९ च येतात.

आता तो रविवार. हा मला विसरता येत नाही.

१९ तारखेला सकाळी दोन पोरं टीव्ही लावायला आली. बाहेर रस्त्यावर वाड्यातल्या मुलांचं नरकासुराच्या पुतळ्याचं काम चाललेलं, स्पीकरवर गाणी, कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. पोरांनी ड्रिल केलं, स्टँड ठोकला, टीव्ही उचलून त्या ३९ इंचांच्या जागेत अडकवला. मी महिनाभर त्या अर्ध्या-अर्ध्या इंचाची काळजी करत होतो. रात्री उठून टेप लावत होतो. आणि टीव्ही सैल बसला. मी कपाट आणि टीव्हीच्या फटीत बोटं आडवी घालून पाहिली. दोन बोटं आरामात गेली. खिडकीकडेही दोन. कागदावरच्या हिशेबाने एकसुद्धा जायला नको होतं.

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, ‘वा! काय मस्त बसला!’

टेप समोर होती. पोरांनीच ड्रिलसाठी मागितलेली, आईच्या पलंगावर उघडी पडलेली, पिवळी. हात लांबवून पडद्याच्या एका कोपऱ्यापासून तिरक्या दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत लावायची, बस. दहा सेकंद. मी भिंत मोजली, उशीपासूनचं अंतर मोजलं, कपाट मोजलं. ज्याचे पैसे दिले ती एकच वस्तू मोजली नाही. उलट त्या पोरांना प्रत्येकी पन्नास रुपये चहाला दिले. (हे शंभर वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.)

जाताना एकजण म्हणाला, ‘पेटी आम्ही नेतो काका, तुमची अडगळ कशाला.’ मी आभार मानले. पेटीबरोबर छापील किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, मॉडेल, तारीख, सगळा पुरावा टेंपोत बसून गेला. पेटी कुणालाही देऊ नका. माळ्यावर टाका, उंदरांना खाऊ दे, पण वर्षभर ठेवा.

आईने दुसऱ्याच दिवशी खूण दिली होती. डाव्या कुशीवरून बघत म्हणाली, ‘ह्या मालिकेतल्या सगळ्या बायका आजारी का दिसतात रे? पांढऱ्याफटक.’ मी म्हटलं, मेकअप असतो गं. मी स्वतः समोर उभा राहून बघत होतो, मला ठीक दिसत होतं. प्ले स्टोअर सापडत नव्हतं, त्याच्या जागी भलत्याच नावाचं दुकान. मी म्हटलं, हॉटेलचा टीव्ही आहे, हॉटेलवाले काही गोष्टी बंद करून ठेवतात. फसवणाऱ्याचं अर्धं काम आपण स्वतःच फुकटात करत असतो.

७ नोव्हेंबरला पडद्यावर उभी हिरवी रेघ आली. ‘रिसॉर्ट’चा नंबर बंद. मग इंटरनेटवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधला, सगळ्यात वर आला तो लावला. पलीकडच्याने मोबाइलवर एक अ‍ॅप घ्यायला सांगितलं, ‘स्क्रीन शेअर करा, तक्रार नोंदवतो.’ मी घेऊ लागलो. भाच्याने हातातून फोन ओढला म्हणून दुसऱ्यांदा लुटलो जाता जाता वाचलो. कंपनीचा नंबर कंपनीच्या साइटवरूनच घ्यायचा असतो, हे मला अठरा वर्षांच्या पोराने शिकवलं.

खरा टेक्निशियन ११ तारखेला आला. भला मुलगा. टीव्हीकडे दारातूनच पाहून म्हणाला, ‘हा त्रेचाळीसचा वाटत नाही.’ माझीच टेप मागितली. कर्ण १०१ सेंटिमीटर. म्हणजे ४० इंची. मग पेनड्राइव्ह लावून बारीक रेघांचं चित्र दाखवलं. रेघा कुठेच नाहीत, सगळा राखाडी काला. एचडी रेडी पॅनल, १३६६ बाय ७६८. सेटिंगमध्ये मात्र ४के लिहून येतं, तेवढं सॉफ्टवेअरमध्ये घातलेलं. खरं ४के म्हणजे ३८४० बाय २१६०. मी तिथल्या तिथे गुणाकार केला, सवयीने. जेमतेम आठवा हिस्सा. मग त्याने टीव्ही भिंतीवरून थोडा पुढे ओढला आणि मागच्या कंपनीच्या स्टिकरचा कोपरा नखाने उचलला. स्टिकर सालीसारखा सुटला. खाली आणखी एक स्टिकर, अर्धवट खरवडलेला.

टीव्हीच्या मागे ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो, मानक आयएस ६१६ असं सोबत लिहिलेलं. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कुठल्या उत्पादकाचा ते कळतं. माझा टाकला. मोबाइलचे अडॅप्टर बनवणाऱ्या कुणाचा तरी निघाला. अ‍ॅप मोफत आहे. मी ते टीव्ही घेतल्यावर पंचवीस दिवसांनी घेतलं.

आता ज्यांनी मदत करायची त्यांची कथा. कुठलं ठाणं, कुठली बँक ते लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही.

ठाण्यावर पहिला प्रश्न, ‘टीव्ही मिळाला ना?’ मिळाला. ‘चालतो ना?’ चालतो, पण... ‘मग फसवणूक कसली? हे सिव्हिल मॅटर.’ मी म्हटलं, साहेब, पेढे म्हणून शेणाचे गोळे दिले तरी पेटी मिळालीच की. ते त्यांना आवडलं नाही. पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ झालंय, खोट्या नावाने माल खपवणं त्यातच येतं, असं मी वाचून गेलो होतो. ‘मग एफआयआरपण तुम्हीच लिहा,’ असं उत्तर. नंतर सांगण्यात आलं की शेड दुसऱ्या हद्दीत आहे, तिकडे जा. गेलो. तिकडे म्हणाले, पैसे तुम्ही जिथून पाठवलेत तिकडे जा. आणि खातं तर परराज्यातलं, तिकडे तर आपण कुणीच जाऊ शकत नाही! जुलै २०२४ पासून हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यायची असते. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. मी कागदाची प्रिंट नेली होती. ती त्यांनी चहाच्या ग्लासाखाली ठेवली. खरंच ठेवली. गोल डाग असलेला तो कागद माझ्याकडे आहे. चार खेपांनंतर एक अर्ज घेतला, शिक्का दिला. अर्ज, एफआयआर नव्हे.

बँकेत काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. ‘तुम्हीच पिन टाकलाय, सर.’ रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक तेव्हा ग्राहकाला वाचवायचं ते त्याच्या नकळत झालेल्या व्यवहारात. मी तर कळून-सवरून, चष्मा लावून पाठवले होते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तिथल्या मुलीने नीट ऐकून नोंद घेतली, क्रमांकही दिला, पण तो फोन पैसे गेल्यावर तासा-दोन तासांत करायचा असतो, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता यावं म्हणून. मी पंचविसाव्या दिवशी केला. तोवर त्या खात्यात काही असेल अशी आशा मलाही नव्हती.

ज्या कंपनीचं नाव चोरलं तिला ईमेल केलं, फोटोंसकट. उत्तर दोन ओळींचं. हे आमचं उत्पादन नाही, सबब मदत करता येत नाही. अहो, तेच तर कळवतोय! तुमच्या नावाचे बनावट टीव्ही गोव्यात विकले जातायत, तुम्हाला काहीच वाटत नाही? दुसरं उत्तर आलं नाही. मग एका सरकारी खात्यात गेलो, जिथे वस्तूंची मापं बरोबर आहेत का ते बघतात. त्रेचाळीस सांगून चाळीस देणं हे माप मारणंच की. तिथल्या माणसाने विचारलं, ‘पेटी कुठाय?’ मी खाली बघितलं. निदान त्याचा प्रश्न तरी बरोबर होता.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क लागत नाही. वकीलही सक्तीचा नाही. पण अर्जात समोरच्याचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो. माझ्याकडे आहे एक बंद नंबर, चौदा अक्षरांचा जीएसटी क्रमांक आणि एक शेड, जिच्या दाराला आता कुलूप आहे. मालकाचा शोध घेतला तर तो म्हणाला, महिन्याच्या भाड्याने दिली होती, रोखीत. कागद नाहीत.

टीव्ही अजून तिथेच आहे. रेघेसकट. आई म्हणते, ‘राहू दे रे, मला चालतो.’ तिला चालतो हेच मला चालत नाही.

राहिला तो सहकारी. नंबर देणारा. त्याचा टीव्हीही तिथलाच, त्याच किमतीचा, आणि दोन महिने ऑफिसात मिरवलेला. मी त्याला सगळं सांगितलं, भांडलो नाही. म्हटलं, एकदा कर्ण मोज. ‘माझा व्यवस्थित चालतोय,’ म्हणाला. गेल्या सोमवारी मी ती पिवळी टेप त्याच्या टेबलावर ठेवून आलो. मंगळवारी सकाळी ती माझ्या टेबलावर होती, गुंडाळून, रबर लावून. त्याने मोजलं का, ते सांगितलं नाही. पण आता जेवणाच्या सुट्टीत तो दुसऱ्या टेबलावर बसतो.